झुडपातलं अस्वल

"हलू नकोस," लुकेरिया म्हणाली. "आणि पळायचं तर मुळीच नाही."

डोरीन हलली नाही. पलीकडच्या काठावरची अस्वलीण मासा तोंडात धरून, दोन पिल्लांना मागे घेऊन अल्डरच्या झुडपांत शिरली, दिसेनाशी झाली. तरी डोरीन तशीच उभी होती, खांदे वर ओढून, श्वास कोंडून.

तिचा नवरा रसेल हसला. "मावशी, तुम्ही हिचं मनावर घेऊ नका. ही घरातल्या घरातसुद्धा घाबरते. दाराला धडक, कपाटाला धडक, चालूच असतं." त्याने तिचं मनगट धरलं आणि तिला पुढे घेतलं. "चल राणी, नीट उभी राहा. फोटो काढतो."

लुकेरियाला गावातली पोरंटोरं मावशी म्हणत, म्हणून पाहुणेही म्हणत. रसेल तिला आवडला होता. सकाळी होडीत त्याने तिच्या भावाला, झाखरला हसवलं होतं, आणि झाखर पाहुण्यांशी सहसा बोलतही नसे. धुरी दिलेला सामन मासा त्याने बोटं चाटत खाल्ला. सीलला तुमच्या भाषेत काय म्हणतात, ते विचारून पाठ केलं.

डोरीनने काहीच खाल्लं नव्हतं. चहा हवा का, म्हटल्यावर तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं.

"हिला नको," रसेलनेच सांगितलं होतं.

अस्वलं बघायला येणारे भित्रे पाहुणे लुकेरियाला नवे नव्हते. ती त्यांना सांभाळून घेई. बंदूक खांद्यावर असे, पण तिचा भरवसा बोलण्यावर जास्त.

"अस्वलाला नावं ठेवायची नाहीत," ती दोघांना म्हणाली. "त्याला सगळं ऐकू येतं. आमची आजी सांगायची, ते कातडं उतरवलं की आत माणूसच असतो. म्हणून वाटेत आलं की आधी त्याच्याशी बोलायचं. आदराने."

"आणि नाही ऐकलं तर?" डोरीनने विचारलं. दिवसभरातलं तिचं हे पहिलंच वाक्य.

"मग बंदूक आहेच."

पाऊस भुरभुरू लागला. समुद्राकडून धुकं नदीत शिरलं. निघायला हवं होतं. लुकेरिया गवतात पसरलेलं सामान आवरायला वाकली, आणि उठून पाहते तर रसेल नाही. त्याचं लाल जाकीट तेवढं दगडावर पडलेलं. ते अंगावरून काढायचं नाही, असं तिने होडीतच बजावलं होतं.

"कुठे गेला हा?"

"फोटो..." डोरीनने नदीपलीकडे बोट दाखवलं. पाणी उथळ होतं. तो ओलांडून गेला होता, पिल्लं गेली त्याच झुडपांत.

पिल्लांच्या आईच्या वाटेत कुणी आलं, तर ती काय करते हे लुकेरियाने एकदा पाहिलेलं होतं. त्या माणसाला चादरीत बांधून गावात आणावं लागलं होतं.

"हाक मार त्याला. तुझा आवाज ओळखेल तो."

डोरीनने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

लुकेरियाच ओरडली. एकदा, दोनदा. नदीच्या खळखळाटात हाक विरून गेली. तिने बंदूक हातात घेतली.

समोरची झुडपं हलली.

डोरीनने तिचा दंड घट्ट धरला. "अस्वल! मावशी, अस्वल आहे! मला त्याचे डोळे दिसले. आपल्याकडेच येतंय. झाडा गोळी!"

पानांआडून तपकिरी पाठ सरकत होती. वाकलेली, रुंद, सावकाश. लुकेरियाने नेम धरला. बोट चापावर गेलं. पण आजीने शिकवल्याप्रमाणे आधी ती म्हणाली, "आजोबा, आम्ही निघालोच आहोत. आमची वाट सोडा."

"बोलत काय बसलात? मारा त्याला!" डोरीन रडत ओरडली. "मारा ना!"

चाप अर्धा दाबला गेला होता. लुकेरियाने पुन्हा हाक घातली, सगळा जीव एकवटून. "आजोबा!"

पाठ ताठ झाली. झुडपातून दोन पायांवर एक माणूस उभा राहिला. तपकिरी स्वेटर, गळ्यात कॅमेरा.

"आजोबा कुणाला म्हणताय?" रसेलने विचारलं.

लुकेरियाने बंदूक खाली केली. तो पाणी तुडवत आला, तेव्हा तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "मरायचं होतं का रे मेल्या? जाकीट का काढलंस?"

"लाल दिसलं की पिल्लं बुजतात. चुकलंच माझं." तो हसत होता. मग बायकोकडे वळला. हसू तसंच होतं. "केवढ्याने ओरडत होतीस. खोलीवर गेल्यावर बोलू आपण."

परतताना होडीत रसेल पुढे झाखरजवळ बसला. अस्वल होता होता कसा वाचलो, ते हातवारे करून सांगत होता. झाखर पोट धरून हसत होता.

मागच्या फळीवर डोरीन थरथरत होती. लुकेरियाने तिच्याभोवती घोंगडी गुंडाळली आणि तिला जवळ घेतलं.

"संपलं आता, पोरी. तू कशाला जिवाला लावून घेतेस? माझीसुद्धा फसगत झाली. त्या पानांत मला धड दिसलंच नाही."

डोरीन नवऱ्याच्या पाठीकडे बघत होती.

"मला धड दिसलं होतं," ती म्हणाली.