उचलेल त्याला किल्ली

गाडी बाईंनी मुद्दाम आडवी पाडली होती. शिकवणीचीच मोटरसायकल ती. दोन्ही अंगांना लोखंडी नळ्या बसवलेली, मार खाऊन खाऊन कोडगी झालेली. उजव्या कुशीवर पडून होती, रुसलेल्या पोरासारखी.

"उचलेल त्याला किल्ली," बाई म्हणाल्या. "ज्याला पडलेली गाडी उचलता येत नाही, त्याला मी चालवायला शिकवत नाही. रस्त्यात पडलात तर कोणाची वाट बघत बसणार?"

आधी वर्गातला जिमवाला पुढे झाला. गाडीकडे तोंड करून कंबरेत वाकला, दंड फुगवले, चेहरा टोमॅटो झाला. गाडी वीतभर उठली आणि परत झोपली.

"जरा जड आहे," तो म्हणाला. सरळ उभं राहायला मात्र त्याला बराच वेळ लागला.

"आता टाचणी," बाई म्हणाल्या.

वर्गातली सगळ्यात बारीक मुलगी, म्हणून पहिल्याच दिवशी तिला हे नाव पडलं होतं. बारावीतली. शिकाऊ परवाना अगदी कोराकरकरीत, हेल्मेट दोन बोटं मोठं. कुंपणाशी तिचे बाबा उभे होते. ते रोज यायचे. 'सहज' यायचे.

"बाई, तिला राहू द्या हो!" त्यांनी तिथूनच हाक दिली. "तिचं दप्तर अजून मी उचलतो!"

सगळा वर्ग हसला. हेल्मेटच्या आत टाचणीचे कान पेटले.

बाईंनी दाखवलं होतं तशी ती गाडीकडे पाठ करून खाली बसली. बूड सीटच्या कडेला, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला. जोर हातांचा नाही, मांड्यांचा. मग उलट्या पावलांनी मागे, अजून मागे... आणि गाडी उठली! खरंच उठली! पार सरळ झाली, आणि तशीच पलीकडे जाऊन धाडकन डाव्या कुशीवर कोसळली.

"स्टँड," बाई शांतपणे म्हणाल्या. "उचलायच्या आधी स्टँड काढायचा. पलीकडे तिला झेलायला कोण उभं होतं, तुझी आजी?"

जिमवाला सगळ्यांत मोठ्याने हसला. कंबर धरून.

"जा, पाणी पिऊन ये. मग पुन्हा."

टाचणी नळावरून परतली तेव्हा गाडी उभी होती. स्टँडवर, ऐटीत. शेजारी बाबा पँटला हात पुसत होते.

"झालं काम," ते म्हणाले. "बस आता. एवढ्याशाचं काय घेऊन बसलीस!"

बाईंनी खिशातून किल्ली काढली आणि बाबांच्या हातावर ठेवली.

"अहो, मला नाही, तिला..."

"उचलली कोणी?"

"मीच, पण..."

"मग बसा. चालवा."

"मला कुठे येते!"

आता वर्ग बाबांना हसला. त्यांनी घाईघाईने किल्ली टाचणीपुढे धरली. "घे गं, बाळा. मी उचलली काय नि तू उचललीस काय."

टाचणीने किल्लीकडे पाहिलं. ती तिला हवी होती. इतकी हवी होती, की सायकल चालवतानाही तिची उजवी मूठ आपोआप पिळली जायची.

तिने किल्ली घेतली नाही. हँडल धरून गाडी सरळ केली, बुटाने स्टँड मागे सारला आणि गाडी ढकलून दिली.

धाडकन. पुन्हा उजव्या कुशीवर.

"अगं ए! डोकं फिरलंय का?" बाबा दोन पावलं मागे उडाले.

"आता कोणी हात लावायचा नाही," टाचणी म्हणाली. "बाबा, तुम्ही तर मुळीच नाही."

बाईंनी घड्याळाकडे बघायचं थांबवलं.

टाचणीने आधी स्टँड ओढून काढला. मग गाडीकडे पाठ करून खाली बसली. समोर बाबा. गाडी वीतभर उठली आणि अडली. टाचणीने दात आवळले. बाबांचे हात आपोआप पुढे आले.

"हात मागे!" बाई कडाडल्या.

त्यांनी हात मागे घेतले. एका मुठीत किल्ली तशीच होती.

बाबांच्या डोळ्यांवरची नजर न काढता टाचणीने एक पाऊल मागे टाकलं. मग आणखी एक. गाडी तिच्या पाठीबरोबर वर आली, सरळ झाली, पलीकडे कलली आणि अलगद स्टँडवर टेकली.

टाचणी जागची हलली नाही. धापा टाकत तिने फक्त हात लांब केला.

किल्ली द्यायला बाबांनाच चालत यावं लागलं.