समोरची रांग

"ताई, नियम असा काही नाही," दारावरची मुलगी हळूच म्हणाली, "पण कार्यक्रम मोठ्यांचा आहे. विनोद जरा... तसले असतात."

गुंड्याच्या आईने कडेवरचं पोर सावरलं. चार वर्षांचा गुंड्या टक्क डोळ्यांनी आतले लाल दिवे बघत होता. दुपारी त्याने चांगली ताणून दिली होती, हे तिला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "झोपेलच हो तो आता. मांडीवर घेतला की संपलं."

मुलीने दार उघडलं.

सहलीच्या त्या जहाजावर मुलं सांभाळायची खोली होती. पण काल तिथे सोडल्यावर गुंड्याने जहाज डोक्यावर घेतलं होतं, आणि ती नि नवरा दोघं जेवण अर्धवट टाकून पळत गेली होती. आज तिला तो तमाशा नको होता. केबिनमध्ये भिंतीकडे बघत बसायचं तर मुळीच नको होतं. गुंड्या झाल्यापासून ती एकदाही अशी नटूनथटून बाहेर पडली नव्हती.

नवरा पुढे जाऊन पहिल्या रांगेत बसलासुद्धा. "इथे ये गं. दिसेल तरी नीट."

"मागे बसू या ना. त्याच्यासमोर तसलं काही..."

"त्याला काय कळतंय!"

दालन भरलेलं होतं. नकलाकार आला. पन्नाशीचा, चमचमता कोट, चेहरा असा की नुसतं बघितलं तरी हसू यावं. "काल आमच्या शेजारच्या केबिनमधून आवाज आला," त्याने आवाज बारीक केला. "नवीन जोडपं हो! नवरा बायकोला म्हणतो..." मागे खसखस पिकायला लागली. तेवढ्यात त्याची नजर खाली गेली. गुंड्या खुर्चीवर उभा राहून, तोंडाचा आ करून त्याच्याकडे बघत होता.

नकलाकार अडखळला. "म्हणतो, अगं, आपल्या पलंगाखाली हत्ती आहे!"

गुंड्या खदखदून हसला. बाकी कुणीच नाही.

नकलाकाराने दोनदा गाडी रुळावर आणून पाहिली. एकदा सासूचा किस्सा काढला, एकदा डॉक्टरचा. दोन्ही वेळा ऐन मोक्याला ते चिमुकलं तोंड समोर आलं आणि किस्सा पुन्हा हत्तीवर जाऊन आदळला.

"बघ, आपल्या पोरासाठी अख्खा कार्यक्रम बदलला गड्याने!" नवऱ्याने तिला कोपराने ढोसलं. ती हसली नाही.

"अहो, हत्ती पुरे!" मागून कुणीतरी ओरडलं. "मोठ्यांचं काहीतरी काढा की!"

"आज हत्तीच आलाय, साहेब," नकलाकार हात जोडून म्हणाला. "त्याला काय करू?"

खुर्च्या सरकायला लागल्या. आधी मागच्या, मग मधल्या. तेव्हाच उठायला हवं होतं. पण उठायचं म्हणजे एवढ्या लोकांच्या नजरेसमोरून, उचललं की रडणारं पोर घेऊन जायचं. तिने गुंड्याच्या केसांत तोंड लपवलं. होईल सगळं ठीक, असं स्वतःला सांगत राहिली.

एक जोडपं तिच्याजवळून जाताना थांबलं. बाई तिच्याच वयाची, तिच्यासारखीच हौसेने नटलेली. आवाजात राग नव्हता.

"आमचीही दोन तिकडे मुलांच्या खोलीत रडतायत," ती म्हणाली. "आम्हाला काय पाझर फुटत नाही?"

आणि नवऱ्याचा हात धरून निघून गेली.

गुंड्याच्या आईला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण तिथे धरणी कुठली, खाली नुसतं पाणी. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो आधीच उभा राहिला होता. "लोकांना पण कशाचंही लागतं," तो पुटपुटला. "मी आलोच जरा." आणि तो बाजूच्या दाराने सटकला.

तिने गुंड्याला उचललं. त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "हत्ती राहिला! आई, हत्ती राहिला!"

"बसा, ताई."

नकलाकाराने माइक खाली ठेवला होता. "वेळ संपेपर्यंत मला इथून उतरता येत नाही. आता तुम्हीही गेलात, तर मी कोणापुढे करू?"

त्यात टोमणा असता तर तिला सोसलं असतं. टोमणा नव्हता. ती बसली.

मग त्याने हत्ती केला. कोटाची एक बाही हाताच्या पुढे लांब ओढून सोंड केली, पाठ वाकवली, आणि जहाज ज्या बाजूला कलेल त्या बाजूला डुलत तो मंचभर फिरला. हत्ती पलंगाखाली अडकला, हत्तीला शिंक आली, हत्ती बायकोची चप्पल घालून पळाला. भरलेल्या दालनापुढे केलं असतं तेवढ्याच जिवाने त्याने ते केलं. मागे दोन वेटर अर्धे भरलेले पेले गोळा करत होते.

हत्ती संपला तेव्हा गुंड्याने टाळ्या वाजवल्या. तीही वाजवायला लागली. त्या एवढ्या मोठ्या दालनात तिची प्रत्येक टाळी सुटी सुटी ऐकू येत होती. तिला थांबावंसं वाटलं, आणि थांबायचंही धाडस होईना.

नकलाकाराने आधी मागच्या खुर्च्यांना वाकून नमस्कार केला, मग मधल्या, मग समोरच्या रांगेला. कपाळावरचा घाम गालावर उतरला होता. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

"पुन्हा!" गुंड्या ओरडला. "पुन्हा कर!"

नकलाकाराने भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली. मग कोटाची बाही ओढली, पाठ वाकवली आणि रिकाम्या दालनात सोंड वर केली.