खुर्च्यांवरची नावं

छापील नावांचं खोकं नेमकं बाबांनीच उघडलं. सोनेरी काठाची चाळीस कार्डं. मुलीने ती गुपचूप मागवली होती.

तिचं लग्न पाच दिवसांवर आलं होतं. घरामागच्या बागेत, पानगळ सुरू झालेल्या झाडांखाली. सुतारकाम करणाऱ्या मामाने घरोघरच्या मोडक्या खुर्च्या मागून आणून, ठोकून-ठाकून चाळीस उभ्या केल्या होत्या. मावशीने जुन्या पडद्यांच्या गाद्या शिवल्या होत्या. खुर्च्यांच्या पाठीवर पाहुण्यांची नावं मात्र मीच रंगवणार, असं बाबांनी केव्हाच जाहीर केलं होतं. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. पण दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात कापायचा. कपबशी हातात घेतली की वाजायची.

बाबांनी एक कार्ड उजेडात धरलं.

"छान आहे. पण तुझ्या आत्याला असं पूर्ण नावाने बोलावलं, तर ती मागे वळून बघेल, कोण आलंय म्हणून!"

"बाबा, तुम्हाला त्रास नको, म्हणून..."

"कळलं गं." त्यांनी खोकं बंद केलं आणि ब्रश घेऊन बागेत गेले.

पहिली खुर्ची टेबलावर चढवली. मनगटाखाली काठी टेकवली, ब्रश रंगात बुडवला आणि थांबले. हात कापत होता. रस्ता ओलांडणारा माणूस गाड्यांकडे बघतो, तसे ते हाताकडे बघत राहिले. मध्येच हात क्षणभर स्थिरावला. तेवढ्यात एक रेघ. पुन्हा थांबणं. 'राहू द्या' म्हणायला आलेली मुलगी श्वास रोखून उभी राहिली.

'धाकटी आत्या' लिहायला पाऊण तास लागला. अक्षरं ठसठशीत. वरची रेघ तेवढी दोन ठिकाणी दचकली होती.

"पुसून देऊ?" मुलीने विचारलं.

"राहू दे. ती तरी कुठे सरळ चालते!"

दिवसाला दहा खुर्च्या. मुलगी रजा टाकून शेजारी बसली. ओल्या रंगावर पडलेली पानं चिमटीने उचलत राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांचा हात इतका भरून आला, की तिने त्यांना घास भरवले. चौथ्या दिवशी उजेड सरायच्या आत चाळिसावी खुर्ची झाली: 'विहीणबाई, ऐसपैस बसा.'

लग्नाच्या दिवशी पाहुणे स्वतःला शोधत बागभर हिंडले. 'झोपाळू काका', 'कधीच वेळेवर न येणारी'. जो तो दुसऱ्याचं वाचून हसत होता. नवऱ्या मुलाच्या आईने आपल्या खुर्चीवरच्या थरथरत्या रेघेवरून हळूच बोट फिरवलं. निघताना ती बाबांपाशी आली.

"एक मागू? ही खुर्ची मी घरी नेते."

तिचं ऐकून आत्याने विचारलं. मग काकांनी. ऊन उतरलं तेव्हा गल्लीतून पाहुण्यांची रांग चालली होती, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक उलटी खुर्ची.

रिकाम्या बागेत मामा कपाळाला हात लावून उभा होता. "भावोजी, सगळ्या गेल्या की हो! आता आपण बसायचं कशावर?"

"पानं पडलीत की ढीगभर," बाबा म्हणाले, आणि तिथेच फतकल मारून बसले.