संकटात वाजवायची शिट्टी

हिंजवडीत नोकरी लागल्यावर मी पौडकडच्या भाच्यासाठी दर महिन्याला खेळाचं खोकं घरपोच यायचं सबस्क्रिप्शन घेतलं. पहिलं खोकं निवडलं 'रानातली रात्र': छोटा तंबू, बॅटरी आणि संकटात वाजवायची शिट्टी. जन्मभर मेंढरांमागं फिरलेले माझे आबा खो खो हसले. "उघड्यावर झोपायचं आता कुरियरनं यायला लागलं व्हय?" आज पुढचं खोकं ठरवायला व्हिडिओ कॉल केला. "डायनासोर हवा का रॉकेट?" भाचा रडवेला झाला. "आत्या, आधी माझा तंबू सोडवून दे." त्यानं फोन अंगणाकडं वळवला. तंबूतून भेगाळलेली दोन पावलं बाहेर डोकावत होती. "आबा, लेकराचा हाय त्यो, निघा भाईर!" मी ओरडले. आतून शिट्टी वाजली. आई चहा घेऊन तंबूकडं जाताजाता फोनमध्ये वाकली. "कंचं बी खोकं धाड, पोरी. फकस्त शिट्टी नसंल असं बघ."