दोन मिनिटं

नवऱ्याची गाडी कोपऱ्यावर वळली, की तिची फटफट घरापर्यंत ऐकू यायची. तिथून दारापर्यंत दोन मिनिटं. तेवढ्यात रेडिओ बंद व्हायचा, पसारा पलंगाखाली जायचा आणि दोन्ही मुली पुस्तकात मान घालून बसायच्या. त्या दोन मिनिटांच्या पुण्याईवर आठवड्यातले चार दिवस तरी चामडी पट्टा दारामागच्या खुंटीवरच राहायचा.

माहेरी तिने कधी अवाक्षर काढलं नव्हतं. परवा गॅरेजवाला भाऊ सहज भेटायला आला आणि गाडीचा आवाज ऐकून म्हणाला, "भाऊजी, इंजिन आणि सायलेन्सरच्या जोडावरचं पॅकिंग जळलंय, धूर तिथूनच फुटतोय. घरचा मेहुणा असताना दुसरीकडे कशाला जाता? मी बसवतो नवं."

आज संध्याकाळी त्याचा फोन आला, तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. बाहेरच्या खोलीत रेडिओच्या गाण्यावर मुली नाचत होत्या.

"ताई, भाऊजी मघाशीच गाडी घेऊन गेले. असं काम केलंय, की गाडी दारात येऊन उभी राहिली तरी तुला कळायचं नाही!"



ती धावत बाहेर आली. रेडिओ चालूच होता. मुली भिंतीला चिकटून उभ्या होत्या आणि खुंटी रिकामी होती.