रांगोळीवरचं तेल

इंजिनाचं झाकण काढलं आणि माझं डोकंच फिरलं. आत सगळं कोरडं ठणठणीत! आबांची जुनी गाडी उगाच टकटक करत नव्हती. वर तेल नेणारी तांब्याची नळी कुणीतरी पकडीने चेपून बंद केली होती.

“दादा, हे कुणी केलं?”

“मीच. दसऱ्याला पूजेच्या रांगोळीवर तेल ठिबकत होतं.”

“म्हणजे हार घातलास, नारळ फोडलास आणि तिचंच तेल तोडलंस? लाज नाही वाटली?”

मी नवी नळी बसवली, गाडी सुरू केली. वर तेल चढलं, तशी टकटक थांबली. जुन्या सांध्यातून एक थेंब फरशीवर पडला. दादा फडकं घेऊन धावला.

“खबरदार!” मी ओरडले. “आबा खाली ताटली ठेवायचे. ती घेऊन ये.”