पाटीवर नसलेलं वाक्य

"आजच सांगा," मोठ्या बाई म्हणाल्या. "शिवणवर्गात जागा आहे. ती घेतली तर ठमी कायमची इथेच राहील. नाहीतर संध्याकाळी घरी घेऊन जा."

ठमी बाईंच्या ओठांकडे पाहत होती. ती जन्मापासून बहिरी होती आणि बहिऱ्या मुलींच्या या निवासी शाळेत तिची आठ वर्षं गेली होती.

"तुला काय वाटतं?" वडिलांनी तिच्याकडे तोंड करून विचारलं.

"आईला हवी असेन तर येते." तिचा आवाज सपाट, एकाच पट्टीतला होता. "ती कधी भेटायला येत नाही. सुट्टीत मला मावशीकडे पाठवता."

"शूटिंग असतं गं तिचं."

"आठ वर्षं एकच शूटिंग?"

वडिलांना हसू आलं.

"समोरच्या थिएटरात आईचा मूकपट लागलाय," ठमी म्हणाली. "दाखवा. मग सांगते."

"त्यात ती नुसती रडते. पलीकडे विनोदी लागलाय, तो बघू या?"

"आईचाच."

ठमीची आई पडद्यावर नायिका कधीच झाली नाही. चौतिसाव्या वर्षीही केसांना राख फासून ती कुणाची तरी आई व्हायची. पडद्यावर तिची सात मुलं मेली होती आणि प्रत्येक वेळी प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडले होते. वडील त्याच कंपनीत व्हायोलिन वाजवायचे. नटांना रडू फुटावं म्हणून कॅमेऱ्याशेजारी उभं राहून करुण सूर लावायचे, एवढंच काम. त्यांच्या बायकोला त्याची गरज नसे.

"एवढं रडू आणता कुठून?" दिग्दर्शकानं एकदा विचारलं होतं.

"घरून," ती म्हणाली, आणि सगळे हसले होते.

आवाज पडद्यावर जाणारच नसल्यामुळे नट तोंडाला येईल ते बोलत. प्रेमाच्या प्रसंगात नायक नायिकेला आपल्या दाढदुखीची हकीकत ऐकवी.

थिएटरात बाप-लेक पुढच्या रांगेत बसले. पडद्यावरची मुलगी तापानं फणफणली होती. आई वाकली. तिचा चेहरा पडदाभर झाला, ओठ हलले आणि तिनं उशीत तोंड खुपसलं. मग पडद्यावर संवादाची पाटी आली : "देवा, माझं आयुष्य हिला दे."

शेजारच्या बाईनं नाक पुसलं. ठमीनं वडिलांचं मनगट घट्ट धरलं.

बाहेर उजेडात येताच ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"पाटी खोटी आहे. आई ते म्हणालीच नाही."

वडिलांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं.

"ती 'ठमे' म्हणाली. त्या मुलीचं नाव तर दुसरंच आहे. मग म्हणाली, 'परत का नाहीस'. पुढे उशी आली मध्ये. 'येत' राहिलं. परत का नाहीस येत. हो ना?"

"चल, उशीर होतोय."

"तुम्ही तिथे वाजवत होता ना, मग सांगा. प, ब, म मला ओठांवर सारखेच दिसतात. बाबा आणि मामा माझ्यासाठी एकच. पहिला शब्द 'परत'च होता ना?"

वडिलांनी तिच्याकडे तोंड केलं.

"परतच," ते नीट ओठ उघडून म्हणाले.

ठमी इतक्या मोठ्यानं हसली की रस्त्यावरचे दोघे-तिघे वळून पाहू लागले. मोठ्या बाईंना नकार सांगून तिनं भराभर ट्रंक भरली. कपड्यांच्या घड्या मोडल्या तरी तिला फिकीर नव्हती. फाटकापाशी ती थांबली आणि "आले गं आई" असं दोनदा म्हणून पाहिलं.

"फार मोठ्यानं होतंय का?"

"नाही. बरोबर आहे."

वडिलांनी ट्रंक उचलली. शूटिंगच्या दिवशी बायको वाकली तेव्हा ते तिच्यापासून हातभर अंतरावर वाजवत होते. तिचं वाक्य उशीच्या आधीच पूर्ण झालं होतं. "ठमे, मरत का नाहीस?"